मांडव, नंदुरबार आणि गोरखचिंचेची वाट

१३४२ साली दिल्लीहून निघालेला एक मोठा काफिला दौलताबादेवरून नंदुरबारला पोचला. महंमद तुघलकाने चीनच्या बादशहासाठी पाठवलेला नजराणा त्यात होता आणि काफिल्याचा प्रमुख होता मोरोक्कोतल्या तंजा शहराचा इब्न बतूता. नंदुरबारविषयी त्याने थोडकेच लिहिले आहे, पण ते मोलाचे आहे. गाव लहान, वस्ती मराठ्यांची. माणसे हस्तकलेत निष्णात, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषीही आहेत. जेवणात भात, भाजी आणि तिळाचे तेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावातल्या मराठी माणसांचे इतके जुने वर्णन परक्या प्रवाशाच्या लेखणीतून क्वचितच मिळते.

नंदुरबारहून तो खंबायतेला गेला आणि तिथून जवळच्या गंधार बंदरात जहाजावर चढला. त्या जहाजावर पन्नास वल्हेकरी आणि पन्नास हबशी लढवय्ये होते. हे हबशी म्हणजे या समुद्रावरच्या सुरक्षिततेची हमी, असे तो सांगतो. त्यांच्यातला एक जरी जहाजावर असला तरी चाचे त्या जहाजाच्या वाटेला जात नाहीत. नंदुरबारहून चार-आठ मुक्कामांच्या अंतरावरच्या समुद्रात चौदाव्या शतकात आफ्रिकी माणसांचा असा दरारा होता.

इब्न बतूताला ही माणसे नवी नव्हती. सुमारे दहा-अकरा वर्षांपूर्वी तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोंबासा आणि किल्वा या बंदरांत जाऊन आला होता. किल्व्याचा सुलतान आतल्या मुलखावर स्वाऱ्या करून लूट आणतो, हेही त्याने नोंदवले होते. पुढे १३५२ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेतल्या माली राज्याकडे निघाला. त्या वाटेवर त्याने अजस्र झाडे पाहिली. एकेका झाडाच्या सावलीत सगळा काफिला मावावा, काहींना पान नाही तरी नुसत्या खोडाची सावली माणसाला पुरावी, काहींच्या पोकळीत पावसाचे पाणी साठलेले, काहींत मधमाश्यांची पोळी. एका झाडाच्या ढोलीत तर एक विणकर माग मांडून कापड विणत बसला होता. या झाडांचे नाव त्याने दिलेले नाही, पण वर्णनावरून अभ्यासक त्यांना बाओबाब मानतात. आपण त्याच झाडाला गोरखचिंच म्हणतो.

मोंबासा-किल्व्याचा किनारा, खंबायतचे आखात, नंदुरबारची वाट आणि हे झाड अशा चारही गोष्टी एकाच माणसाच्या प्रवासवर्णनात आहेत. त्यांना जोडणारा धागा त्याने ओढला नाही. तो धागा हाती यायला पुढे जवळजवळ पावणेसातशे वर्षे लागली.

गोरखचिंच एकदा पाहिली की विसरता येत नाही. खोड अफाट जाड, साल राखाडी आणि गुळगुळीत, वर त्या मानाने आखूड फांद्या. वर्षातले कित्येक महिने झाड निष्पर्ण असते. पावसाच्या सुमारास हाताच्या पंजासारखी पाच-सात दलांची पाने फुटतात आणि लांब देठांवर मोठी पांढरी फुले लोंबू लागतात. फूल संध्याकाळी उमलते, रात्री वटवाघळे त्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी ते गळून पडते. मागाहून मखमली लव असलेली, कठीण कवचाची फळे धरतात. त्यांतला पांढरा, कोरडा, आंबट गर चोखून खातात. लाकूड मऊ आणि पाण्याने भरलेले असल्याने इमारतीला किंवा जळणाला ते कामाचे नाही. सालीचा मात्र चिवट वाख निघतो, आणि सोललेली साल पुन्हा भरून येते.

या झाडाचे कुळ लहान आहे. ॲडन्सोनिया या प्रजातीत जगभर मिळून आठच जाती मानल्या जातात. त्यांतल्या सहा फक्त मादागास्कर बेटावर, मुख्यतः त्याच्या कोरड्या पश्चिम आणि उत्तर भागात सापडतात. एक जात वायव्य ऑस्ट्रेलियात आहे आणि एक आफ्रिका खंडाच्या मुख्य भूमीवर. एके काळी असे मानत की दक्षिणेकडचे खंड एकमेकांना जोडलेले होते तेव्हाच हे झाड सगळीकडे पसरले असावे. आठही जातींच्या जनुकसंचाचा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्याने वेगळे चित्र मांडले. त्यानुसार हे कुळ सुमारे २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी मादागास्करमध्येच उगम पावले. खंड तोवर केव्हाच दुरावले होते. पुढे सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी त्याचे बी समुद्राच्या प्रवाहांबरोबर वाहत आफ्रिकेला आणि ऑस्ट्रेलियाला लागले.

आपल्याकडची गोरखचिंच ही आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची जात आहे, ‘ॲडन्सोनिया डिजिटाटा’. मादागास्करहून आफ्रिकेपर्यंत तिला समुद्राने नेले. आफ्रिकेहून भारतात तिला माणसांनी आणले.

ती कशी आली असेल, हे समजायला पश्चिम हिंदी महासागरातला जुना व्यापार पाहावा लागतो. तो मोसमी वाऱ्यांवर चालत असे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा खंबायत, भडोच, सुरतेची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेई, आणि नैर्ऋत्येचा वारा ती परत आणी. इकडून कापड आणि अकिकाचे मणी जात. तिकडून हस्तिदंत आणि सोने येई, आणि माणसेही येत. त्यांच्यात खलाशी होते, शिपाई होते, व्यापारी होते, आणि पकडून विकलेली बायका-माणसे पुष्कळ होती. लांबच्या सागरी प्रवासात गोरखचिंचेचे फळ मोठे उपयोगी. कवच न फुटता ते महिनोन्‌महिने टिकते. आंबट गरात क जीवनसत्त्व भरपूर असते. बियाही भाजून खाता येतात. फळ खाल्ले की बी उरते आणि कठीण आवरणामुळे ते दीर्घकाळ जिवंत राहते. हे झाड या देशात येण्यासाठी कोणा सुलतानाच्या फर्मानाची गरज नव्हती. कुणाच्या तरी शिदोरीतले एक फळ पुरेसे होते.

अकिकाचा धंदा तर नंदुरबारच्या शेजारचाच. अक्कलकुव्याच्या पश्चिमेला राजपिपळ्याचे डोंगर पसरले आहेत. त्यांच्या पलीकडच्या टोकाला, नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, भडोच जिल्ह्यातल्या झगडिया तालुक्यात रतनपूर हे गाव आहे. तिथल्या खाणींतला अकीक खंबायतेला जाऊन घासला-पैलू पाडला जाई आणि तिथून आफ्रिकेला पोचे. रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर या संताचा दर्गा आहे. परंपरेप्रमाणे ते हबशी होते, आणि अकिकाच्या धंद्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. गुजरातेतले सिद्दी आजही त्यांना आपला पूर्वज-संत मानतात आणि त्यांच्यापुढे ढोलावर धमाल नाचतात. ज्या नर्मदेने नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा आखली आहे, तिच्याच काठावर खाली आफ्रिकेची आठवण अशी वस्तीला आहे.

आता वरच्या अंगाला जाऊ. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की निमाडच्या मैदानापलीकडे विंध्याच्या कड्यावर मांडवगड उभा आहे. गोरखचिंचेसाठी भारतात सर्वांत प्रसिद्ध असलेली जागा हीच. किल्ल्याच्या अवशेषांमध्ये, तलावांच्या काठी, शेतांच्या बांधावर ही झाडे ठिकठिकाणी दिसतात. मोसमात आदिवासी विक्रेते रस्त्याकडेला ‘मांडूची इमली’ म्हणून त्यांची फळे मांडून बसतात.

माळव्याच्या सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या आरंभी धारहून राजधानी मांडवला आणली. महमूद खलजीच्या काळात त्या दरबाराचे संबंध थेट इजिप्तपर्यंत पोचले होते. कैरोच्या अब्बासी खलिफाचा वकील त्याच्याकडे आला होता. महमूदचा मुलगा घियासुद्दीन १४६९ मध्ये गादीवर आला. त्याच्या महालाच्या रक्षणाला पाचशे तुर्की आणि पाचशे हबशी स्त्रियांची हत्यारबंद तुकडी होती, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. त्याच सुमारास मांडवला तयार झालेला ‘नेमतनामा’ हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध आहे. दरबारात आफ्रिकी स्त्रिया होत्या हे त्याच्या चित्रांतूनही दिसते. फिरिश्त्याचा आकडा काटेकोर धरला नाही तरी मांडवच्या डोंगरावर आफ्रिकी माणसांची मोठी वस्ती होती, याविषयी शंका राहत नाही. त्या पाचशे स्त्रियांपैकी एकीचेही नाव इतिहासात उरलेले नाही. मांडवचे सुलतान, त्यांचे महाल, त्यांच्या मोहिमा यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. महालाच्या दारात उभ्या असलेल्या बायका मात्र एका ओळीत संपल्या. त्या कोणत्या गावातून आल्या आणि कोणती भाषा बोलत होत्या, हे कुणी विचारले नाही.

किनाऱ्यावरून माळव्याकडे आणि बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या वाटा तापीच्या खोऱ्यातून जात, आणि त्या खोऱ्यातले मोक्याचे ठाणे म्हणजे नंदुरबार. म्हणूनच गुजरातचे सुलतान आणि खानदेशचे फारुकी या मुलखासाठी पुनःपुन्हा भांडले. नंदुरबार आणि शहादा तालुक्यातले सुलतानपूर ही नावे त्या लढायांच्या हकिगतींत जोडीने येतात. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली, तेव्हा नंदुरबारचे सरकार माळवा सुभ्यात धरलेले होते. मांडवही त्याच सुभ्यात होते. आज महाराष्ट्राच्या कोपऱ्यात वाटणारा हा जिल्हा त्या काळी मांडवच्याच सुभ्याचा भाग होता.

सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे मोठे बंदर झाले आणि सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्याची रहदारी वाढली. व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करत काफिले जात. १६१० मध्ये या रस्त्याने गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने नंदुरबारची गढी, तलाव, कबरी आणि विलासगृहे यांची नोंद केली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याला नवापूरचा बारीक, कस्तुरीचा वास असलेला तांदूळ इतका आवडला की त्याने त्याच्यावर मुद्दाम लिहिले. या रस्त्याने कापूस, नीळ आणि धान्य गेले. फौजा आणि फकीर गेले. आणि सरदारांच्या पदरचे हबशी शिपाई, गुलाम, दासी हेही गेले.

याच काळात दख्खनेत आफ्रिकी माणसांनी इतिहास घडवला. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, जहांगिराच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले, आणि खडकी हे नगर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद. जंजिऱ्याच्या सिद्दींनी मराठ्यांनाही दाद दिली नाही. अहमदाबादची जाळीदार मशीद १५७२-७३ मध्ये बांधणारा सिदी सय्यद हबशीच होता. विजापूरला, गोवळकोंड्याला, वसईच्या किल्ल्यात जुन्या गोरखचिंचा उभ्या आहेत. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, आणि त्यांची जहाजे मोझांबिकहून माणसे आणत. जिथे जिथे हबश्यांची वस्ती किंवा त्यांच्या जहाजांचे बंदर होते, तिथे तिथे हे झाड दिसावे, याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

युरोपातल्या वनस्पतिशास्त्राला या झाडाची नीट ओळख व्हायला मात्र उशीर लागला. प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने १५९२ मध्ये कैरोच्या बाजारात मिळणाऱ्या फळाचे वर्णन केले. मिशेल ॲडनसन हा तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १७४९ मध्ये सेनेगलला गेला, त्याने झाडे मोजली, तपासली. लिनीयसने १७५९ मध्ये प्रजातीला त्याचेच नाव दिले. ॲडनसनने काही झाडांचे वय पाच हजार वर्षांहून अधिक असावे असा अंदाज केला. तो चुकीचा होता. खोडातल्या कड्यांवरून या झाडाचे वय सांगता येत नाही, कारण जुने खोड बहुधा अनेक खोडे एकत्र जुळून बनलेले असते आणि आतून पोकळही असते. रेडिओकार्बन पद्धतीने मोजलेले सर्वांत जुने झाड झिंबाब्वेतले. ते सुमारे २,४५० वर्षे जगले आणि २०११ मध्ये कोसळले.

भारतातली झाडे कोणी आणली, याची उत्तरे दीर्घकाळ अंदाजावर चालली. कोणी अरब व्यापाऱ्यांचे नाव घेई, कोणी पोर्तुगीजांचे. कॅरन बेल, हरिप्रिया रंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा प्रश्न नव्याने हाती घेतला. त्यांनी आफ्रिका, भारत, मॉरिशसच्या परिसरातली बेटे आणि मलेशिया इथल्या झाडांच्या डीएनएमधल्या दहा ठरावीक जागा ताडून पाहिल्या आणि जे दिसले ते माणसांच्या इतिहासाशी जुळवले. पश्चिम आणि मध्य भारतातली झाडे स्वतंत्र गटात पडली. आफ्रिकेत त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्यावर निघाले. भारतातल्या झाडांत विविधता कमी, पण आफ्रिकेतल्या नमुन्यांत न सापडलेली काही वैशिष्ट्ये त्यांच्यात होती. म्हणजे हे झाड इथे एकदाच आणि अलीकडे आलेले नाही. ते अनेकदा, आजवर मानत होते त्याहून अधिक दीर्घ काळात आले. आग्नेय भारतातल्या झाडांचे मूळ मात्र पश्चिम आफ्रिकेत होते. ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय वसाहतींच्या जाळ्यातून आली.

याला दुसरीकडून बळ मिळते. प्रयागराजजवळच्या झूसी इथल्या जुन्या झाडाचे वय रेडिओकार्बन पद्धतीने साडेसातशे ते आठशे वर्षांच्या घरात आले आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, तेव्हा झूसीचे झाड शतके पाहून चुकले होते. इब्न बतूता नंदुरबारला आला तेव्हाही ते उभे होते. पोर्तुगीजांनी हे झाड भारतात प्रथम आणले, हे मत आता मान्य करता येणार नाही.

एवढ्या लांबून आलेले झाड इथल्या लोकांनी परके ठेवले नाही. फकिरांनी ते दर्ग्याच्या आवारात जपले. उत्तरेत त्याला पारिजात मानून नवस बोलले गेले. आपल्याकडे त्याच्याखाली गोरखनाथ बसत, अशी श्रद्धा रुजली. धडगाव तालुक्यातल्या तोरणमाळच्या पठारावर गोरखनाथांचे मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात अशा तिन्ही राज्यांतली माणसे तिथे चढून येतात. नाथपंथाने जातपात आणि धर्म यांच्या रेषा ओलांडून सातपुड्याच्या दोन्ही अंगांना जोडले. आफ्रिकेतून आलेल्या झाडाला नाथांचे नाव मिळावे, हे या मुलखाच्या स्वभावाला धरूनच झाले.

माझे म्हणणे एवढेच आहे की गोरखचिंच हा इतिहासाचा दस्तऐवज आहे. मांडवच्या हबशी स्त्रियांनी बखर लिहिली नाही, गंधारच्या जहाजावरच्या पन्नास शिपायांनी पत्रे मागे ठेवली नाहीत, सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्याने पायी गेलेल्या गुलामांच्या कबरीवर शिलालेख नाहीत. त्यांच्या येण्याचा जिवंत पुरावा या झाडांच्या पेशींत लिहिलेला आहे, आणि तो वाचायची विद्या आपल्याला आत्ता कुठे मिळाली आहे. कागद जळाला तर कधी त्याची नक्कल सापडते. जुने झाड तोडले तर त्याची नक्कल कुठेच नसते.

तरीही ही झाडे जात आहेत. २०२४ मध्ये मुंबईत सांताक्रूझला मेट्रोच्या कामासाठी एक जुनी गोरखचिंच तोडली गेली. मांडव-धार परिसरातली जुनी झाडे मुळासकट उपटून दूर नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. नवी रोपे आपोआप उगवण्याचे प्रमाण आपल्याकडे फार कमी आहे. रोपाची पाने सुरुवातीला साधी असतात, त्यामुळे उगवले तरी ते ओळखू येत नाही आणि तण म्हणून उपटले जाते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा दिला. तो कायदा शहरी भागांपुरता आहे. गावांसाठी मात्र २००२ च्या जैवविविधता कायद्याने एक साधन हाती दिले आहे: प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही. खानदेशातल्या आणि सातपुड्यातल्या गावांनी त्या वहीत जुन्या झाडांची नावे लिहावीत. झाड कोणत्या वाटेवर आहे, कोणत्या दर्ग्याशी, मठाशी, विहिरीशी त्याचे नाते आहे, म्हातारी माणसे त्याच्याविषयी काय सांगतात, तेही लिहावे. शाळांनी मुलांना ते झाड दाखवावे आणि त्याच्याखाली उभे राहून मलिक अंबराचा, मांडवच्या निनावी स्त्रियांचा आणि नंदुरबारहून गेलेल्या त्या वाटसरूचा इतिहास सांगावा. पुरातत्त्व खात्याने गडकोटांतल्या दगडांइतकीच त्यांच्या आवारातल्या गोरखचिंचांची निगा राखावी. ही नोंद करायला पैसा फारसा लागत नाही, आणि ती या पिढीने केली नाही तर पुढच्या पिढीला करता येणार नाही.